रोबोटिक्सच्या हंगामाआधी सामान आणि सॉफ्टवेअर हाताशी कसं ठेवायचं: गावातल्या शाळांचे नेहमीचे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेचा रोबोटिक्सचा संघ सांभाळते. जून उजाडला की आसपासच्या तालुक्यांतून, कधी थेट मेळघाटातून आणि गडचिरोलीकडून शिक्षकांचे फोन यायला लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आम्ही ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ म्हणजे एफटीसी या स्पर्धेत उतरतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. ही स्पर्धा सातवी ते बारावीच्या मुलांसाठी असते आणि एका संघात जास्तीत जास्त १५ मुलं घेता येतात. सामना सुरू होताना रोबो १८ इंच लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यात मावला पाहिजे. पहिले ३० सेकंद तो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, पुढची दोन मिनिटं मुलं चालवतात.

खेळ जाहीर व्हायच्या आधी सामान घ्यायचं तरी कसं? काय लागणार हेच माहीत नसतं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट समजलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

एफटीसीचा नवा खेळ सप्टेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी जाहीर होतो. खेळ दरवर्षी वेगळा असतो. २०२३-२४ च्या ‘सेंटरस्टेज’मध्ये षट्कोनी चकत्या उचलून उभ्या फळीवर लावायच्या होत्या. २०२४-२५ च्या ‘इनटू द डीप’मध्ये तुकडे उचलून टोपलीत टाकायचे किंवा दांडीला अडकवायचे होते. २०२५-२६ च्या ‘डीकोड’मध्ये चेंडू फेकायचे होते. तीन वर्षांत तीन तऱ्हा. पण तिन्ही वर्षांचे रोबो शेजारी ठेवून पाहा. खाली चार चाकं, चार मोटरी, एक कंट्रोल हब म्हणजे रोबोचा मेंदू असलेली छोटी पेटी, एक बॅटरी, एक स्विच, तीच वायर, तेच नट-बोल्ट. बदलतो तो वरचा हात. कधी पंजा, कधी फेकणारं चाक, कधी वर सरकणारी शिडी.

म्हणजे रोबोचा खालचा अर्धा भाग खेळावर अवलंबून नसतो. तो एप्रिल-मे महिन्यात मागवा, जुलैत जोडा, ऑगस्टमध्ये मुलांना चालवायला द्या. सप्टेंबरमध्ये फक्त वरच्या अर्ध्याचा विचार उरला पाहिजे.

पालकसभेत हे समजावताना मला फार बोलावंच लागलं नाही. मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, “पाणी पडल्यावर बी पाहाले जाते काय कोणी?” मृगाच्या आधी बियाणं घरात आलेलं असतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

नेमकी सुरुवात कधी करावी?

मार्चअखेरचा हिशेब संपला की. एप्रिलमध्ये यादी आणि दरपत्रकं, मे महिन्यात ऑर्डर. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर खोकी आलेली असली तर मुलं पहिल्या आठवड्यातच कामाला लागतात.

पुढचे महिने कसे जातात ते कॅलेंडर समोर घेऊन पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस एसटी येत नाही. मग पोळा, लगेच तान्हा पोळा, मग गणपती. २०२४ मध्ये खेळ जाहीर झाला ७ सप्टेंबरला, त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला जाहीर झाला, त्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या आठवड्यात दुकानंही अर्धी बंद असतात. दसऱ्यानंतर कापूस फुटतो आणि दिवाळीच्या सुट्टीत आमची निम्मी मुलं वेचणीला जातात. यात मुलांची चूक काहीच नाही, घर त्यावर चालतं. शहरातल्या संघाला सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने मिळतात, आपल्याला हाताला लागतात जेमतेम दीड-दोन. ते पार्सलची वाट पाहण्यात घालवणं परवडत नाही.

कोणत्या कंपनीचं सामान घ्यावं?

कोणतंही एक घ्या, पण एकच घ्या. कंट्रोल हब ‘रेव्ह रोबोटिक्स’ कंपनीचा घ्यावाच लागतो, कारण नियमांत तोच मान्य आहे. सांगाड्याला मात्र मोकळीक आहे. रेव्हची पट्टी १५ मिलिमीटरची असते आणि तिला एम३ चे, म्हणजे तीन मिलिमीटरचे बोल्ट लागतात. ‘गोबिल्डा’चं सामान ८ मिलिमीटरच्या अंतरावर आखलेलं असतं, त्याला एम४ लागतात. सुरुवातीला आम्ही दोन्ही थोडं थोडं घेतलं. भोकं जुळेनात. दोन भोकांच्या मधे तिसरं पाडत बसलो, त्यात पट्ट्या वाया गेल्या आणि पंधरा दिवसही.

आसपासच्या दुसऱ्या शाळेकडे जे आहे तेच घ्यावं, हा माझा आग्रहाचा सल्ला. ऐनवेळी एक गिअर मोडला तर मागता येतो. हंगाम संपल्यावर त्यांचं सामान तुम्हाला, तुमचं त्यांना वापरता येतं.

परदेशातून मागवायला किती दिवस धरावेत?

सहा ते आठ आठवडे धरून चाला. विमानाने भारतात यायला फार दिवस लागत नाहीत, अडतं ते त्यानंतर.

कस्टम्ससाठी कुरिअर कंपनी केवायसी मागते. आधार किंवा पॅनवरचं नाव आणि ऑर्डरवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आमची एक ऑर्डर शाळेच्या नावाने होती आणि कागद माझे होते. केवळ तेवढ्यावर खोकं मुंबईत अडकलं आणि खेळ जाहीर होऊन गेल्यावर आमच्या हातात आलं. तेव्हापासून ऑर्डर देण्याआधीच कोणाचं नाव, कोणाचं पॅन, कोणाचा फोन हे वहीत लिहितो आणि फोन ज्याचा असेल त्याला सांगून ठेवतो की अनोळखी नंबर आला तरी उचलायचा.

खर्चाचं गणितही आधी करा. कस्टम ड्युटी लागते, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, आणि या सगळ्यासकट किमतीवर आयजीएसटी, जो अशा बहुतेक सामानाला १८ टक्के असतो. ही किंमत धरताना विमानाचं भाडंही त्यात मिळवतात. म्हणजे भाड्यावरही कर भरावा लागतो. म्हणून चार लहान ऑर्डरींपेक्षा एक मोठी बरी. दोन-तीन शाळांनी मिळून एकच ऑर्डर दिली तर आणखी बरी.

एक छोटी गोष्ट बऱ्याच जणांना अडवते. ऑक्टोबर २०२० पासून नव्या बँक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते आधी सुरू करून घ्या. पैसे भरायच्या रात्री कळलं तर तो दिवस गेला.

आमच्या गावापर्यंत कुरिअर येतच नाही. काय करायचं?

पत्ता गावाचा देऊ नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीचं दुकान, नातेवाईक, एखादी शाळा पाहा आणि तिथला पत्ता द्या. तिथून पुढे एसटीच्या पार्सल सेवेने आणता येतं, किंवा कोणीतरी रोज ये-जा करणारा असतोच. आमचे दुधाचे कॅन नेणारे काका दोन वर्षं आमची खोकी आणतात. भारतातल्या विक्रेत्याकडून घेताना स्पीड पोस्टाने पाठवा असं आवर्जून सांगा. जिथे दुसरं कोणी जात नाही तिथेही पोस्टमन जातो.

खोकं हातात आलं की त्याच दिवशी उघडा आणि यादीशी ताडून पाहा. आमच्या मेकॅनमच्या चार चाकांत एकदा तीन डावी आणि एक उजवं निघालं. या चाकांवर ४५ अंशात लहान रोलर असतात आणि डावं-उजवं वेगळं असतं. दोन डावी, दोन उजवी असतील तरच रोबो बाजूला सरकतो. मे महिन्यात खोकं उघडलं म्हणून चाक बदलून मिळालं. तेच सप्टेंबरमध्ये उघडलं असतं तर आम्ही ते वर्ष सरळ पुढे-मागे जाणाऱ्या रोबोवर काढलं असतं.

काय काय जवळपास मिळतं?

वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. एफटीसीत मोटरी, बॅटरी आणि नियंत्रणाचं इलेक्ट्रॉनिक सामान ठरलेल्या यादीतूनच घ्यावं लागतं, पण सांगाड्याला लाकूड, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक काहीही चालतं. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. लेथवाल्याकडून शाफ्ट कापून, टोक साफ करून घेता येतो. पॉलिकार्बोनेटचा पत्रा फ्लेक्स-बोर्डवाल्याकडे विचारा.

मोटर वाइंडिंगचं दुकान तर आमच्यासाठी दुसरी प्रयोगशाळा झालं आहे. विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी तिथे भरल्या जातात, त्यामुळे स्लीव्ह, थिंबल, शिसं, जाड वायर सगळं तिथे असतं आणि हातही पक्का असतो. आमच्या नववीतल्या मुलीला सोल्डरिंग तिथल्या भाऊंनी शिकवलं. टोक आधी तापवायचं, शिसं मागून लावायचं, फुंकर मारायची नाही. मी हेच पुस्तकातून शिकवलं होतं, पण तिला जमलं ते त्यांच्या शेजारी अर्धा तास बसल्यावर.

अडचण नट-बोल्टची. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात माप सुतात चालतं. दोन सूत, तीन सूत. एका इंचात आठ सूत, म्हणजे दोन सूत साडेसहा मिलिमीटरच्या जवळ. आपल्याला हवे असतात एम३ आणि एम४, तीन आणि चार मिलिमीटरचे. ते नागपूरला सीताबर्डीच्या बाजूला शोधले तर मिळतात किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. लागतील असं वाटतं त्याच्या तिप्पट घ्या. नायलॉनच्या अस्तराचे नट, ज्याला इकडे लॉक नट म्हणतात, ते तर पाचपट घ्या. साधे नट रोबोच्या थरथरीने सैल होतात. एलन की दोन-तीन जास्तीच्या ठेवा, कारण तिचं टोक गोल झालं की बोल्टचंही डोकं खराब करते.

वायर आणि कनेक्टर वेगळे घ्यावे लागतात का?

हो, आणि हेच सगळे विसरतात. रेव्हच्या हबला बॅटरीसाठी एक्सटी३० कनेक्टर लागतो, मोटरीसाठी जेएसटी-व्हीएच आणि सेन्सरसाठी जेएसटी-पीएच. जेएसटीचे दोन्ही दिसायला एकसारखे पांढरे असतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. प्रत्येकाच्या तयार वायरी चार-चार जास्तीच्या ठेवा.

बॅटरी किती घ्याव्यात, आणि उन्हाळ्यात त्या कुठे ठेवाव्यात?

किमान दोन, जमलं तर तीन. एक रोबोत, एक चार्जरवर, एक थंड होत असते. एफटीसीत १२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी चालते, आत १.२ व्होल्टचे दहा सेल असतात आणि २० अँपियरचा फ्यूज बाहेरच दिसतो. त्या फ्यूजचं जास्तीचं पाकीट मोटारसायकल किंवा कारच्या इलेक्ट्रिशियनकडे मिळतं, ते घेऊन ठेवा. चार्जर मात्र निकेल-मेटल हायड्राइडसाठीचाच हवा. लिथियमच्या चार्जरवर ही बॅटरी लावू नका, मुलांना हे पहिल्या दिवशी सांगा आणि चार्जरवर चिठ्ठी चिकटवा.

विमानाने येणारी बॅटरी कधी कधी बाकी सामानापेक्षा मागे पडते. भारतातल्या विक्रेत्याकडे मिळत असेल तर थोडी महाग पडली तरी तिथूनच घ्या.

आणि ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. बॅटरी पत्र्याखाली, खिडकीत किंवा गाडीत ठेवू नये. आम्ही त्या सुट्टीत शाळेच्या जुन्या कौलारू खोलीत, जमिनीलगत ठेवतो. थ्रीडी प्रिंटरने केलेल्या पीएलएच्या, म्हणजे प्रिंटरमधल्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या वस्तूही तिथेच. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एकदा स्कूटरच्या डिक्कीत विसरलेला पंजा दुपारी बाहेर काढला तेव्हा बोटं वाकडी होऊन एकमेकांना चिकटलेली होती.

सरावाच्या लहान गाड्यांसाठी १८६५० या आकाराचे लिथियम सेल घेत असाल तर वेष्टनावर ९९०० मिलिअँपियर-तास लिहिलेले घेऊ नका. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता साधारण ३५०० च्या वर जातच नाही. वर लिहिलेलं खोटं असेल तर आतला सेलही भरवशाचा नसतो.

सॉफ्टवेअर तर फुकट असतं, ते आधी घ्यायची काय घाई?

फुकट असतं, पण ते गावात उतरवायला बसलो की कळतं. सामानापेक्षा सॉफ्टवेअरनेच मला जास्त रात्री जागवल्या आहेत.

जावा भाषेत प्रोग्राम लिहायचा असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. तो स्वतः एक जीबीच्या वर असतो. पण खरी मेख पुढे आहे. एफटीसीचा प्रकल्प पहिल्यांदा उघडला की ‘ग्रेडल’ नावाचं साधन बाकीचे तुकडे इंटरनेटवरून एकेक खेचायला लागतं. मोबाइलच्या डेटावर ते मधेच थांबतं आणि लाल अक्षरांत चूक दाखवतं. मुलांना वाटतं आपलाच प्रोग्राम चुकला. खरं तर एक ओळही लिहिलेली नसते.

त्यातच लॅपटॉप रोबोच्या वायफायला जोडला की लॅपटॉपचं इंटरनेट तुटतं. ग्रेडलला त्याच वेळी काही हवं असलं तर काम अडतं. म्हणून आम्ही असं करतो: जुलैत एका रविवारी सगळे लॅपटॉप घेऊन यवतमाळला जातो, जिथे चांगलं वायफाय आहे अशा ओळखीच्या ठिकाणी दिवसभर बसतो. स्टुडिओ, मागच्या हंगामाचं सॉफ्टवेअर, हब अद्ययावत करायचं रेव्हचं हार्डवेअर क्लायंट, लॅपटॉपला जोडलेली वस्तू ओळखता यावी म्हणून लागणारे ड्रायव्हर असं सगळं उतरवायचं. मग प्रत्येक लॅपटॉपवर प्रकल्प एकदा पूर्ण तयार होऊ द्यायचा, शेवटपर्यंत, हिरवी खूण येईपर्यंत. त्यानंतर वायफाय बंद करून ग्रेडल ऑफलाइनवर टाकायचं आणि पुन्हा तयार करून पाहायचं. इंटरनेटशिवाय तयार झालं तरच लॅपटॉप पिशवीत. ही शेवटची पायरी गाळू नका. एका वर्षी घाईत गाळली आणि गावात आल्यावर पाचपैकी तीन लॅपटॉप अडले.

इन्स्टॉल करायच्या सगळ्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. एक शाळेत, एक घरी. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती लिहा.

इंटरनेट अजिबात नसेल तर मुलांनी प्रोग्रामिंग शिकायचंच नाही का?

शिकायचं, आणि आरामात शिकता येतं. कंट्रोल हब स्वतःचं वायफाय तयार करतो. त्याला लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४३.१:८०८० हा पत्ता टाकला की ‘ब्लॉक्स’ उघडतं, जिथे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनतो. शेजारीच ‘ऑनबॉट जावा’ आहे, तिथे जावा लिहिता येतं. हे दोन्ही हबमध्येच असतं. बाहेरच्या इंटरनेटचा थेंबही लागत नाही.

लॅपटॉप जुना असला तरी चालतो, कारण काम हब करतो. अँड्रॉइड स्टुडिओला मात्र ८ जीबी रॅम तरी हवी. शाळेकडे ४ जीबीचेच संगणक असतील तर त्याच्या मागे लागू नका. आमच्या मुलांनी पहिली दोन वर्षं फक्त ब्लॉक्सवर काढली. पहिल्यांदा रोबो हलला तेव्हा सातवीतला एक जण ओरडला, “मॅडम, एक मोटर उलटी फिरून राहिली!” डावीकडच्या मोटरी आरशासारख्या उलट्या बसवलेल्या असतात, म्हणून प्रोग्राममध्ये त्यांची दिशा उलटी करावी लागते. हे मी सांगण्याआधी त्यांनी तिथेच, व्हरांड्यात उकिडवं बसून शोधून काढलं. जुलैत हे शोधायला वेळ असतो.

हबचं वायफाय पहिल्यांदा सुरू केलं की त्याचा मूळ पासवर्ड लगेच बदला. स्पर्धेत तो बदललेला असावा लागतो.

नवी आवृत्ती आली की लगेच टाकावी का?

एफटीसीचं सॉफ्टवेअर दर हंगामात नवं येतं, साधारण खेळ जाहीर होण्याच्या सुमारास. ते टाकावंच लागतं. त्याआधी मुलांचे सगळे प्रोग्राम आणि जुनी आवृत्ती बाजूला साठवून ठेवा. रोबोवरचं ॲप आणि चालकाच्या हातातल्या ड्रायव्हर हबवरचं ॲप एकाच आवृत्तीचं असलं पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांना ओळखत नाहीत किंवा पडद्यावर इशारा येत राहतो.

एकदा टाकून सगळं नीट चाललं की स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात काहीही अद्ययावत करू नका. कोणी कितीही सांगितलं तरी.

गेमपॅड जोडला तरी बटणं चुकीची चालतात.

लॉजिटेकचा एफ३१० असेल तर मागे एक्स आणि डी असं लहान स्विच असतं. ते एक्सवर ठेवा आणि वरून चिकटपट्टी लावा.

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. तिथलं सामान चालेल का?

शिकायला उत्तम, स्पर्धेच्या रोबोवर बहुतेक नाही. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यात १० लाख लॅब उभारायला आणि उरलेले पाच वर्षं चालवायला. तिथे आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकता येणारे लहान बोर्ड, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर, हत्यारं असतात. एफटीसीचा रोबो आर्डुइनोवर चालवता येत नाही. पण प्रिंटर आणि हत्यारं पूर्ण कामाची, आणि नवीन मुलांना पहिले दोन महिने आर्डुइनोवर शिकवलं तर हब हातात आल्यावर ती घाबरत नाहीत.

इथेही सॉफ्टवेअर आधी पाहून ठेवा. स्वस्त आर्डुइनोवर सीएच३४० नावाची चिप असते. जुन्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, तोवर संगणकाला बोर्ड दिसतच नाही. मग शिक्षक बोर्ड खराब आहे म्हणून परत पाठवतात. ड्रायव्हरची फाइल काही एमबीचीही नसते, पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि एल२९८एन या मोटर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या हुकमावर मोटरीला वीज देणाऱ्या बोर्डात, साधारण दोन व्होल्ट आतच खर्च होतात. सहा व्होल्टची बॅटरी लावून मोटर रेंगाळत असेल तर दोष मोटरीचा नाही.

मैदान कुठून आणायचं?

एफटीसीचं मैदान १२ फूट लांब-रुंद असतं, २४ इंचांच्या ३६ फोमच्या चटया. पूर्ण मैदान आम्ही कधीच घेतलं नाही. नऊ चटया घेतल्या, बाकी फरशीवर खडूने आखतो. चाकाची पकड फरशीवर वेगळी आणि फोमवर वेगळी, म्हणून स्वयंचलित प्रोग्रामचा सराव चटईवरच करायचा, एवढं पाळा.

वीज जाते, चार्जिंग कसं करायचं?

महावितरणच्या भारनियमनाची वेळ शाळेच्या भिंतीवर लिहा आणि चार्जिंगची जबाबदारी एका मुलावर सोपवा. सकाळी वीज असते तेव्हाच बॅटरी लावायची. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य उपकेंद्रात इन्व्हर्टर असेल तर विचारून पाहा. आम्हाला कोणी नाही म्हटलेलं नाही.

पैसे हंगामाआधी कसे उभे करायचे? अनुदान तर उशिरा येतं.

शाळेच्या खरेदीला तीन दरपत्रकं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, जीएसटीचं बिल हे सगळं लागतं. या कागदांनाच महिना जातो, म्हणून ते फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार ठेवा. पैसे आले की त्याच दिवशी ऑर्डर गेली पाहिजे. लोकवर्गणी मागायची तर कापसाचे पैसे हातात येतात तेव्हा, म्हणजे जानेवारीच्या पुढे मागा. जूनमध्ये बियाण्या-खतासाठी प्रत्येक घर ओढाताणीत असतं, त्या वेळी शेतकऱ्यापुढे हात पसरू नये.

मुलींना संध्याकाळी थांबता येत नाही. संघात घ्यावं की नाही?

हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी हळू आवाजात विचारतं. घ्यावंच.

आमच्या गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला आहे. त्यानंतर थांबायचं म्हणजे कोणाच्या तरी वडिलांना मोटारसायकल घेऊन यावं लागतं, आणि ते एकदा येतील, रोज नाही. सामान उशिरा आलं की सगळं काम स्पर्धेच्या आधीच्या दहा दिवसांत, रात्री उशिरापर्यंत चालतं. मग नकळत मुली गळतात. त्यांना कोणी काढत नाही, त्या थांबू शकत नाहीत. पहिल्या वर्षी आमच्या संघात सहा मुली होत्या, स्पर्धेला गेल्या दोन. मला ते अजून बोचतं.

आता जुलैपासून रोज शेवटच्या तासाला काम करतो आणि पाचला हत्यारं खोक्यात. मागच्या हंगामात ठरवलं तसं काम पाचच्या आत संपत गेलं, आणि रोबो चालवणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी होती. सामान लवकर मागवण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे. इतर कारणांनी पटत नसेल तर निदान या एका कारणाने मे महिन्यात ऑर्डर द्या.

सुट्टीत सामानाचं नुकसान होतं. सांभाळावं कसं?

उंदीर. वायरीचं आवरण त्यांना आवडतं. खोकी पुठ्ठ्याची नकोत, झाकणाचे स्टीलचे डबे किंवा धान्याची जुनी कोठी घ्या. पावसाळ्यात थ्रीडी प्रिंटरचा धागा हवेतलं पाणी पितो, मग छापताना तडतड आवाज येतो आणि थर नीट बसत नाहीत. तो घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बोल्ट मापाप्रमाणे वेगळे आणि डब्यावर मुलांच्या हातचं नाव. बॅटऱ्या रोबोतून काढून ठेवायच्या.

खेळ जाहीर झाल्यावर मग काय मागवायचं?

त्या रात्री काहीच नाही. नियमपुस्तिका उतरवून घ्या, रोबोच्या बांधणीचं प्रकरण मुलांना मोठ्याने वाचायला सांगा, आधी बनवलेल्या गोष्टींविषयी काय लिहिलं आहे ते तपासा. रविवारी पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि रबर बँड घेऊन हात कसा असावा ते करून पाहू द्या. खेळातली वस्तू मिळेपर्यंत त्या मापाचं काहीतरी घरात सापडतं. चेंडू असेल तर चेंडू, चकती असेल तर थर्माकोलची कापून.

सोमवारी यादी करा. तळ, मोटरी, बॅटरी, सॉफ्टवेअर आधीच जागेवर असलं तर यादीत उरतात दोन-तीन सर्वो म्हणजे ठरावीक कोनात फिरणाऱ्या लहान मोटरी, एखादी सरकती पट्टी, थोडा पट्टा आणि पुली. गेल्या वर्षी आमची यादी वहीच्या अर्ध्या पानात बसली, मंगळवारी नागपूरला जाणाऱ्या एका पालकांच्या हातात दिली आणि गुरुवारी सामान व्हरांड्यात होतं.